दाढेची भरपाई

आमच्या घरमालकीणबाई कुठलाही खाऊ आधी कानानं खात. दुकानात बिस्किटांचा पुडा उचलला की तो कानाशी नेऊन हलवायचा, डोळे मिटायचे, आणि बहुधा परत फळीवर ठेवून द्यायचा. दुकानदार ओळखीचा असल्यामुळे काही बोलत नसे. पण त्या पायरी चढताना दिसल्या की तो पुढचे पुडे हळूच मागच्या फळीवर सरकवी. पापड त्या तोडून बघत नसत, तोडून ऐकत. चहात टोस्ट बुडवणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "ज्याला आवाजाचं भ्या वाटतं त्यानं बुडवून खावं," असं त्या म्हणत, आणि म्हणताना माझ्या कपाकडं बघत.

दिंद्रुडला मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो आणि जवळच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. गाव मला सर म्हणायचं, त्याही सर म्हणायच्या. मी त्यांना काकू म्हणायचो. त्यांचे यजमान, म्हणजे आबा, जन्मभर बालाघाटच्या डोंगरात मेंढरं घेऊन फिरलेले. आता मेंढरं गेली होती, दारात थोड्या शेळ्या उरल्या होत्या आणि गावाबाहेर सोयाबीनचा एक तुकडा. आबा शेळ्यांशी पूर्ण वाक्यात बोलत. माणसांना ते मान हलवून भागवत.

काकूंची खोलीवर यायची पद्धत ठरलेली होती. दार वाजवायचा प्रश्नच नव्हता. आधी दारातून एक हात आत येई आणि पंखा बंद करी. मग एक ताटली येई, आणि ताटलीमागून काकू.

"खा," त्या म्हणत.

मी खात असे. त्या डोळे मिटून दाराला टेकून उभ्या राहत आणि मी चावलेलं ऐकत. चव कशी आहे, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. चवीचं त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडून फक्त दात हवे होते. आबांच्या तोंडात आता फारसे उरले नव्हते. तुम्ही स्वतःच का खाऊन बघत नाही, असं एकदा मी विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलं की आपल्या तोंडातला आवाज आपल्याला नेहमी मोठाच वाटतो, मग तो खायचा असो की बोलायचा. त्या आठवड्यात मी दोन सत्कार समारंभांना हजर राहिलो होतो. मला हे ताबडतोब पटलं.

ही खाण्याची परीक्षा चालू असताना त्यांना पूर्ण शांतता लागे. आबांचा टीव्ही बंद होई. एकदा तर त्यांनी देवळात निरोप पाठवून लाऊडस्पीकरवरची भजनं थांबवायला सांगितली. पुजाऱ्यानं कशासाठी म्हणून विचारलं, तर उलट निरोप गेला की वडी ऐकायची आहे. पुजारी बरीच वर्षं गावात असल्यामुळे त्यानं पुढं काही विचारलं नाही. बटण बंद केलं.

ही वडी म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला त्यांच्या लेकीच्या लग्नापर्यंत मागं जावं लागतं. मी तेव्हा गावात नव्हतो. पण दिंद्रुडला राहायला आलेल्या माणसाला पाण्याची वेळ आणि ही हकीकत, या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगितल्या जात.

लेक दिली युसूफ वडगावच्या मोठ्या घरात. सासरा माजी सभापती. आमच्याकडे 'माजी' हा शब्द पदवीसारखा लावतात. तो पत्रिकेवर येतो, गाडीच्या काचेवर येतो, आणि ज्याला कधी 'आजी' व्हायला जमलं नाही तोही कशाचा तरी माजी असतो. लग्नात काकूंनी रुखवत मांडलं. मधोमध ज्वारीच्या लाह्यांच्या लाडवांची उतरंड. विहीणबाई आल्या, बायकांचा घोळका मागं, मोबाइल वर धरलेले. त्यांनी वरचाच लाडू उचलला आणि चावला. खणखणीत आवाज झाला. काकू मला म्हणाल्या होत्या की तो आवाज ऐकून क्षणभर त्यांना वाटलं, लाडू झकास उतरलाय.

आवाज दाढेचा होता. पाक पुढं गेला होता आणि लाडवाचा दगड झाला होता. विहीणबाईंनी तोंडातून दाढेचा तुकडा काढला, पदराला पुसला, लाडवांच्या ताटात नीट मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, "हे बी मांडा रुखवतात."

सगळा मांडव हसला. वराकडचेही हसले आणि वधूकडचेही, कारण वाक्य चांगलं होतं. काकू हसल्या नाहीत.

त्यानंतर पंचमी आली. आमच्याकडे लग्न झालेली लेक दिवाळीला आली नाही तर चालतं, नागपंचमीला आलीच पाहिजे. लिंबाला झोके बांधतात, साऱ्या गल्लीतल्या माहेरवाशिणी जमतात, आणि जिची लेक आली नाही ती बाई त्या दिवशी दारात बसत नाही. पहिल्या वर्षी युसूफ वडगावहून निरोप आला की सूनबाईला बरं नाही. दुसऱ्या वर्षी आला की घरी पाहुणे आहेत. काकूंनी दोन्ही निरोपांचा एकच अर्थ लावला: दाढ.

मला हे पटत नव्हतं. माजी सभापतींच्या घरी सकाळपासून कार्यकर्त्यांचा चहा चालायचा आणि तो करायला हात लागत; सून माहेरी गेली तर हात कमी पडले असते. मी हे काकूंना समजावून सांगितलं. सत्ता, श्रम आणि घरातली बाई यांच्या संबंधावर थोडं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी पुस्तकं वाचलीत, सर," त्या म्हणाल्या. "मी तिचं तोंड बघितलंय."

दुसरी पंचमी अशीच गेली आणि त्यानंतर लेकीनं एक व्हिडिओ पाठवला. मायलेकी रोज फोनवर बोलत. पण हा व्हिडिओ पाहायला काकूंनी मला खाली बोलावलं, कारण तो इंग्रजीत होता. चकचकीत स्वयंपाकघरात एक गोरी बाई पातेल्यात लोणी आणि पांढऱ्या मऊ गोळ्या वितळवत होती, त्यात तांदळाचे कुरकुरीत दाणे ओतत होती, ट्रेमध्ये दाबत होती आणि गार झाल्यावर चौकोनी तुकडे कापत होती. भट्टी लागत नाही, ओव्हन लागत नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. शेवटी ती एक वडी दातानं तोडी आणि मोठा कुरकुर आवाज येई.

काकूंनी तेवढाच शेवट मला परत परत लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "ह्यो आवाज हिच्या तोंडातला न्हाई. वरून लावलाय."

तरी कल्पना त्यांना आवडली. दगड होणार नाही, दात मागणार नाही, पण आवाज देईल अशी वडी. त्यांनी मला बीडला पाठवलं. मी मोठ्या दुकानातून ते तांदळाचे दाणे आणले आणि त्या पांढऱ्या गोळ्यांची पिशवी. दाणे त्यांनी दुधात टाकून ऐकले आणि सांगितलं की हे दुधात बडबड करतात आणि तोंडात गप्प बसतात, आपल्या लाह्या बऱ्या. पांढरी गोळी त्यांनी दोन बोटांत दाबली. ती दबली आणि पुन्हा फुगली. "गादीतनं काढल्यावाणी हाय," त्या म्हणाल्या, आणि हे कशाचं करतात ते विचारलं. मी पिशवीच्या मागचं वाचलं. त्यात जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढलेला एक डिंकासारखा पदार्थ असतो, असं सांगितलं. त्या घरात मटण वर्ज्य नव्हतं. पण मटण मटणाच्या जागी. गोडात कातडं, आणि तेही श्रावणात, हे त्यांना चालणारं नव्हतं. पिशवी आबांकडे गेली. आबांनी एक गोळी शेळीपुढं धरली. शेळीनं वास घेतला आणि मान फिरवली. त्या शेळीनं माझा टॉवेल खाल्ला होता, कॉलेजचं वेळापत्रक खाल्लं होतं, आणि एका उमेदवाराचं फ्लेक्स कोपऱ्यापासून नावापर्यंत खाल्लं होतं. तिनं नाकारलेली ही मला माहीत असलेली पहिली वस्तू.

मग सुरू झाला गूळ. त्या वर्षभरात मी किती वड्या चावल्या याचा हिशोब ठेवला नाही, पण माझे दात त्या वर्षी माझ्या पीएचडीपेक्षा जास्त कामाला आले. पाक कच्चा राहिला की वडी दाताला चिकटे आणि काकू डोळे न उघडताच ताटली ओढून घेत. पाक पुढं गेला की मी चावायच्या आधीच त्या म्हणत, "नको, सर. तुमची बी दाढ जाईल." तूप वाढवलं, कमी केलं. दूध घातलं, वडीचा चिवडा झाला. पाकाचा थेंब पाण्यात टाकून, गार करून, ताटलीवर आपटून त्याचा टणटण आवाज ऐकायचा, हे त्यांचं रोजचं काम झालं. संध्याकाळी खालून टणटण ऐकू आलं की मी पुस्तक मिटून पंखा बंद व्हायची वाट बघे.

त्या हट्टी होत्या, असं गाव म्हणे. मला ते अर्धवट वाटतं. हट्टी माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. काकू रोज वेगळी चूक करीत.

एक दिवस भजी तळता तळता त्यांनी मला विचारलं, "भज्यात सोडा कावून टाकतेत?" मी वायू, उष्णता वगैरे सुरू केलं. त्यातलं 'आत हवा राहते' एवढं त्यांनी उचललं आणि बाकी मला परत दिलं. त्याच संध्याकाळी कडक झालेला पाक चुलीवरून उतरवून त्यांनी त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. पाक फसफसून वर आला, त्याचा रंग फिका पडला, आणि त्यात बारीक जाळी धरली. त्यात लाह्या ढवळल्या, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडानं दाबल्या आणि गरम असतानाच सुरीनं कापल्या. गार झाल्यावर ताटली वर आली. मी एक उचलून चावली. वडी कट्कन तुटली आणि जिभेवर तिचा भुगा झाला.

काकू डोळे मिटून उभ्याच राहिल्या. मग पंखा चालू करून खाली गेल्या. हा त्यांच्याकडून मिळालेला सर्वोच्च सन्मान होता. तोपर्यंत पंखा नेहमी मलाच उठून चालू करावा लागे.

राहिला श्रावण. श्रावणातल्या दमट हवेत लाह्या सादळतात, आणि सादळलेल्या लाहीची वडी चावताना माणूस कागद चावल्यासारखा दिसतो. लाह्यांचा पत्र्याचा डबा झाकण लावून, फटी कणकेनं लिंपून ठेवायचा, हे त्यांना माहीत होतं. तरी वरून काहीतरी जाड गुंडाळायला हवं होतं. त्या दिवसांत कॉलेजनं मला एक शाल दिली होती. काकूंनी ती कशासाठी मिळाली म्हणून विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी जे जे समोर सापडले त्यांना शाली घातल्या गेल्या, एवढंच मला माहीत होतं. काकूंनी शाल डब्याला गुंडाळली. तिच्या आत लाह्या कोरड्या राहिल्या. त्या शालीचा इतका उचित वापर अध्यक्षांनीही योजला नसता.

तिसरी पंचमी जवळ आली आणि लेकीचा फोन आला. पंचमीच्या सकाळी माजलगावला महिला मेळावा होता. त्यात विहीणबाईंचा सत्कार होणार होता आणि सुनेला सोबत न्यायचं ठरलं होतं. परतताना गाडी दिंद्रुडला थांबेल. तासभर. मग सून गाडीत बसून परत युसूफ वडगावला. लेकीनं सासूला सांगून ठेवलं होतं की आईनं एक नवी वडी केली आहे. सासू म्हणाली होती, बघू तरी.

फोन स्पीकरवर होता. मी आणि आबा दोघंही ऐकत होतो. आबा मान हलवायचंही विसरले. तासभराची पंचमी म्हणजे काय, असं मला वाटलं; ही नुसती लेक दाखवून परत न्यायची रीत झाली. काकूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तासभर लई झाला."

आता पंचमीचे नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. त्या दिवशी आमच्याकडे चुलीवर तवा ठेवत नाहीत. भाजत नाहीत, तळत नाहीत, आणि काही म्हणजे काही चिरत-कापत नाहीत. शेतात नांगर घालत नाहीत, घरात विळी काढत नाहीत. नागाला इजा होते, अशी समजूत. आदल्या संध्याकाळीच विळ्या, सुऱ्या, कात्र्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकतात. काकूंनीही टाकल्या.

लाह्या आधीच फोडून ठेवल्या होत्या. पातेलं म्हणजे तवा नव्हे, तेव्हा पाकाला हरकत नव्हती. वडी आदल्या दिवशी करून ठेवली तर दमटपणानं जाईल म्हणून ती पंचमीच्या पहाटेच करायची, असं काकूंनी ठरवलं होतं. पाहुण्या मोठ्या, म्हणून ताटाऐवजी मोठी परात घेतली होती. पहाटे मी खाली गेलो तेव्हा पाकाला जाळी धरली होती. लाह्या पडल्या, ढवळल्या गेल्या, परातीत थापल्या गेल्या, वाटी फिरली. परातभर एकच सोनेरी थर. मग काकूंनी सुरीसाठी हात मागं नेला आणि तो हात तसाच राहिला.

वर्षभरात त्यांनी सगळं करून बघितलं होतं. पण त्यातला एकही दिवस पंचमीचा नव्हता.

आबा म्हणाले, दोरा घालून ओढावा. काकू म्हणाल्या, दोऱ्यानं झालं तरी कापणं ते कापणंच. मी सुचवलं की गरम आहे तोवर लाडू वळावेत. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला रुखवत आठवलं. तुकडे करून ताटलीत ठेवावेत, तर ते उरल्यासुरल्यासारखं दिसणार, आणि विहिणीपुढं मोडकंतोडकं ठेवायची त्या घरात रीत नव्हती. पाकाला विचारविनिमय मान्य नसतो. आमचं बोलणं संपेपर्यंत परातीतला थर गार होऊन एकसंध झाला होता.

खरी अडचण तर वेगळीच होती, आणि ती काकूंनीच बोलून दाखवली. वडी तुटल्याशिवाय ती कशी झाली ते कळणार नव्हतं. त्यांनी वाकून परातीला कान लावला. थर गप्प होता. पहिल्यांदाच त्यांना न ऐकता काहीतरी पाहुण्यांपुढं ठेवायचं होतं. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. त्यांनी परातीवर दुसरी परात उपडी घातली, सांध्याला कणीक लिंपली आणि वरून शाल टाकली.

गल्लीत झोके बांधले गेले. पोरीबाळी, माहेरवाशिणी नव्या बांगड्या वाजवत जाऊ लागल्या. काकू दारात बसल्या नाहीत.

दुपार उलटताना गाडी आली. काचेवर 'माजी सभापती'. विहीणबाई उतरल्या त्या डोक्यावर फेट्यासकट. मेळाव्यात बांधलेला फेटा त्यांनी काढला नव्हता. खांद्यावर शाल, एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात काचेत बसवलेलं सन्मानचिन्ह. सत्कार कशाबद्दल झाला हे मी विचारलं. सामाजिक कार्याबद्दल, असं त्यांनी सांगितलं. कुठल्या, हे विचारायची मला इच्छा झाली, पण तो दिवस माझा नव्हता. त्यांच्या मागून लेक उतरली. काकूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि लगेच तिला पाणी आणायला आत पाठवलं. जास्त बघत बसल्या असत्या तर तासातला वेळ गेला असता.

पाणी झालं, सरबत झालं. फेटा, शाल आणि गुच्छ बाजेवर बसले. मग काकूंनी दोन्ही परातींचा जोड पुढं आणून ठेवला आणि सांध्याची कणीक नखानं सोलायला सुरुवात केली.

"हे काय, बँकेचं लॉकर हाय का?" विहीणबाई म्हणाल्या. दारातला ड्रायव्हर हसला.

वरची परात निघाली. काकूंनी खालच्या परातीच्या कडेनं अंगठा फिरवला, पांढऱ्या फडक्यावर ती उपडी केली आणि वडी निघाली. गोल, अखंड, बोटभर जाड.

"कापली न्हाई व्हय?"

"पंचमी हाय," काकू म्हणाल्या.

"मग खायची कशी? तोंड लावून?"

आता ड्रायव्हर हसला नाही, कारण त्यालाही काहीतरी चाललंय हे कळलं असावं. लेक आईकडं बघत होती. काकूंनी वडी दोन्ही हातांनी उचलली, एक कड स्वतः धरली आणि दुसरी विहिणीपुढं केली.

"धरा तिकडून. मोडायला मनाई न्हाई."

"मी?"

"तुमच्या दाढेसाठी केलतं हे. दुसऱ्या कुणी कावून मोडावं?"

मांडवातल्या त्या वाक्यानंतर इतक्या दिवसांनी दाढेचा उल्लेख दोन विहिणींमध्ये पहिल्यांदा उघड झाला होता. विहीणबाईंनी गुच्छ खाली ठेवला. पदर खोचला. फेटा जरा मागं सरकला होता, तो तसाच राहू दिला आणि त्यांनी कड धरली. मी दोघींच्या मधोमध असलेल्या त्या वडीकडं बघत होतो. ती सादळली असेल तर वाकणार होती. पाक पुढं गेला असेल तर दोन म्हाताऱ्या बायका तिच्याशी झोंबत बसणार होत्या, आणि ती वाकलेली किंवा न मोडलेली चकती गाडीतून युसूफ वडगावला पोचायच्या आधी तिची गोष्ट पोचणार होती.

दोघींनी दाबलं.

वडी कडाडली. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. बाहेर गोठ्यात शेळ्यांनी कान टवकारले आणि आबांनी मागं वळून बघितलं. वडीचे दोन तुकडे झाले होते. विहीणबाईंच्या हातात मोठा आला होता. काकूंनी आपल्या तुकड्याची कड निरखली नाही; त्यांना बघायची गरज नव्हती, त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर पहाटेपासून जे काही घट्ट धरलेलं होतं ते सुटलं.

विहीणबाईंनी कोपरा मोडून तोंडात टाकला. दाढ गेल्यापासून त्या डाव्या बाजूनंच चावतात, हे लेकीनं फोनवर केव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या डाव्या गालाकडं बघत होतो. गाल हलला. वडी वाजली. त्यांनी दुसरा कोपरा मोडला. तोही डावीकडं. मग तिसरा घेतला आणि चावता चावता, बहुधा त्यांच्याही नकळत, तो उजवीकडं गेला.

काकूंनी डोळे मिटले.

उजवीकडं वडी तितकीच चांगली वाजली.

विहीणबाई काही चांगलं बोलल्या नाहीत. इतकी वर्षं राजकारणाच्या घरात काढलेली बाई दुसऱ्याच्या वस्तूला चांगलं म्हणत नाही. त्यांनी घास गिळला, सुनेकडं बघितलं, आणि आज्ञा दिल्यासारख्या म्हणाल्या, "हिला चार दिवस राहू द्या हितं. शिकून येऊ द्या हे."

तो व्हिडिओ ज्या लेकीनं शोधून पाठवला होता तिनं काहीच ठाऊक नसल्यासारखी मान खाली घातली. आईची लेक होती.

"चार दिसांत नुसता पाक कळतो," काकू म्हणाल्या. "लाह्या राहिल्या, सोडा राहिला. लई बारीक काम हाय."

"मग?" विहीणबाईंनी तोपर्यंत आणखी एक तुकडा तोंडात टाकला होता.

"पोळा करून येईल ती."

पोळा म्हणजे श्रावणाचा शेवट. तोंडात घास असताना वाटाघाटी करू नयेत, हे इतक्या बैठका बघूनही विहीणबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. नकार द्यायला आधी वडी संपवायला हवी होती, आणि संपवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मान हलवली. आबांनी गोठ्यातून ती मान बघितली आणि शेळीला पूर्ण वाक्यात सांगितलं की पोरगी राहतीय.

लेक बॅग ठेवायलासुद्धा थांबली नाही, बॅग नव्हतीच. शेजारच्या पोरींनी तिला ओढून लिंबाकडं नेलं. थोड्या वेळानं तिचा झोका आमच्या भिंतीच्या वर दिसू लागला, मग आणखी वर. काकू दारात जाऊन बसल्या आणि ज्या ज्या बाया गल्लीतून गेल्या त्यांना त्यांनी थांबवून थांबवून विचारलं की तुमची आली का. ज्यांची आली होती त्यांनाही विचारलं.

विहीणबाई निघाल्या तेव्हा काकूंनी उरलेली वडी हातानं मोडून मोठ्या डब्यात भरली, झाकण लावलं आणि फटी लिंपायला पुन्हा कणीक घेतली. माजी सभापतींच्या घरी चहाबरोबर द्यायला, असं त्या म्हणाल्या. कार्यकर्त्यांनाही जरा आवाज करू द्या. विहीणबाई पुढच्या सीटवर बसल्या. सन्मानचिन्ह आणि गुच्छ त्यांनी पायाशी ठेवला. मागच्या सीटवर, येताना जिथं लेक बसली होती तिथं, काकूंनी स्वतः डबा ठेवला आणि त्याला बेल्ट लावला.

मग त्या पुढं आल्या आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकल्या. "येताना कसाबी हाकलत आला असशील," त्या म्हणाल्या. "आता हळू ने. डबा हाय."